पोथी कोणाच्या हाती?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारल्यांचे लग्न ज्यांनी पाहिले असेल, त्यांना धवलेरीची ओळख करून द्यावी लागणार नाही. तेथे लग्न लावण्याचा परंपरागत मान तिचा, म्हणजे एका स्त्रीचा. तिची गाणी हेच तेथील मंत्र. उलट जेथे मोठमोठे धर्मग्रंथ आहेत, तेथे स्त्रीने ते पुरुषाच्या तोंडून ऐकावे, अशी रीत पडली. या रीतीला दोन धर्मांत तोंड देणाऱ्या पंडिता रमाबाईंविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. आईजवळ शिकलेल्या या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. पुढे वैधव्य आले. १८८२ साली त्यांनी पुण्यास आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरावरून आपल्याकडे पुष्कळ वादंग माजले. १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही बाहेर पडले. पण बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचा चर्चशी जो वाद झाला, त्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. धर्मगुरू सांगतील तेच प्रमाण, असे वाँटेजच्या धर्मभगिनींचे म्हणणे. रमाबाईंनी विचारले की, त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कोठे सांगितला आहे? क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, आपली भाषा का नसावी? बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्या संतापल्या. एका पुरोहितशाहीचे जू उतरविल्यावर दुसरीचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी पत्रातून स्वच्छ कळविले. धर्म त्यांनी सोडला नाही. मात्र त्याचा अर्थ लावण्याचा हक्कही दुसऱ्याच्या स्वाधीन केला नाही.

रमाबाई अँग्लिकन पंथात गेल्या, त्या कॅथलिक नव्हत्या. परंतु त्यांचाच प्रश्न पुढे कॅथलिक स्त्रियांनी हाती घेतला. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ साली, एलिझाबेथ श्युस्लर फिओरेंझा या कॅथलिक विदुषीचा ‘इन मेमरी ऑफ हर’ हा ग्रंथ निघाला. येशूच्या मस्तकी सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीची आठवण जगभर सांगितली जाईल, असे मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो. पण त्याच ग्रंथात तिचे नाव नाही! लिहिणाऱ्यांनी काय गाळले हेही तपासले पाहिजे, असे या बाईंचे प्रतिपादन. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना पौरोहित्याची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे जाहीर केले. तरी हा वाद मिटलेला नाही.

रमाबाईंनी स्वतःपुरते उत्तर कृतीने दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावी मुक्ती सदनात बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातल्या बाईला कळेल अशी सोपी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. छपाईची कामेही तेथील स्त्रियांनीच केली. १९२२ साली हे काम हातावेगळे झाले आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या.

त्यांचे धर्मांतर कोणास रुचो वा न रुचो. पण पोथी वाचता येणे आणि तिचा अर्थ स्वतः लावता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आपल्या मुलींना आपण दिली. दुसरी अद्याप द्यावयाची आहे, असे आम्हांस वाटते.