ताटातला कर्ब कोणी मोजला?

हवामानबदलाच्या चर्चेत १९९० च्या सुमारास भात आरोपी म्हणून उभा राहिला. पाणी साचलेल्या खाचरात मातीला हवा मिळत नाही. तिथले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवतात, त्यातून मिथेन तयार होतो आणि बराचसा रोपांतल्या पोकळ्यांवाटे हवेत जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातल्या भातशेतीतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन बाहेर पडत होता. हा आकडा काढताना युरोप-अमेरिकेतल्या शेतांवरच्या नोंदी आपल्या लागवडीला लावल्या होत्या.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने भारताला सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या पहिल्या पाच देशांत बसवले. १९९१ साली अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीहून पुस्तिका काढून विचारले, की जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन एकाच मापाने कसे मोजता? प्रश्न न्यायाचा होता. पण आकड्याला आकड्यानेही उत्तर द्यायला हवे होते.

ते त्याच वर्षी डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने झालेल्या मिथेन मोजणी मोहिमेने दिले. निरनिराळ्या भातक्षेत्रांत रोपांवर पेट्या ठेवायच्या, ठरावीक वेळाने आतली हवा सिरिंजने काढायची आणि प्रयोगशाळेत तपासायची, अशी ही पद्धत. उत्तर आले सुमारे ४० लाख टन. मूळ अंदाजाच्या जवळजवळ नवमांश. आपली कितीतरी खाचरे पावसावरची, मधूनमधून कोरडी पडणारी, हे दूरच्या गणितात आलेच नव्हते.

शेतातून ही मोजणी पुढे ताटापर्यंत आली. भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एच. पाठक आणि सहकाऱ्यांनी २०१० साली २४ भारतीय खाद्यपदार्थांचा शेतापासून शिजवण्यापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. एकूण उत्सर्जनापैकी ८७ टक्के पिकवण्यात, १० टक्के स्वयंपाकात, २ टक्के प्रक्रियेत आणि अवघा १ टक्का वाहतुकीत होता. म्हणजे आपल्याकडे ‘जवळचे खा’ या सल्ल्याने फारसा कर्ब वाचत नाही. चुलीवरच्या इंधनाची बचत त्याहून मोलाची ठरते. शिजलेल्या भाताचे उत्सर्जन चपातीच्या २.८ पट भरले.

बचत म्हणजे वजाबाकी; कशाऐवजी काय खाल्ले, हे सांगितल्याशिवाय ती करता येत नाही. या अभ्यासात मटणाच्या जेवणाचे उत्सर्जन शाकाहारी जेवणाच्या १.८ पट, कोंबडीच्या जेवणाच्या १.५ पट आणि दुधासह शाकाहारी जेवणाच्या १.४ पट होते. मटण सोडून वरणभात-भाजीकडे वळल्यास सुमारे ४४ टक्के वाचतात, कोंबडीकडे वळल्यास ३३, तर दूधदुभत्याच्या शाकाहाराकडे वळल्यास २९. गाई-म्हशीही रवंथ करताना मिथेन सोडतात. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या दही-तुपाच्या घरांनी ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी.

ज्वारी-बाजरीच्या शेतात पाणी तुंबत नाही, म्हणून तिथे खाचरासारखा मिथेन सुटत नाही. पण त्यावरून भाकरीला घाईने प्रशस्तिपत्र देऊ नये. खत आणि सरपण त्या हिशेबात धरावेच लागते. आणि कोकणातल्या पावसाळी खाचराला बारमाही पाण्याखालच्या शेताचा आकडा चिकटवला, तर १९९० चाच अन्याय आपण आपल्या माणसांवर करू. कर्बाचा कुठलाही तक्ता हाती आला, की पहिला प्रश्न हाच विचारावा: हे कोणाच्या शेतात मोजले?