चर्नी रोडवर कोण चरत होते?



तळेऱ्याच्या नाक्यावर मुंबईची गाडी धरणाऱ्या आपल्या चाकरमान्यांच्या तोंडी गिरगाव, ठाकुरद्वार, चर्नी रोड ही नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण चर्नी म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळजण सांगतात, असेल कुणा गोऱ्या साहेबाचे नाव! साहेबाचा संबंध आहे खरा, पण तो उलट बाजूने. चर्नी हे आपल्या ‘चरणे’ या शब्दाचेच पोर. इंग्रजी पाटीवर चढताना त्यातल्या ‘ण’चा ‘न’ झाला, एवढेच.

हकीकत अशी सांगतात. मुंबईतल्या लोकांची गुरे कँप मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदानावर, मोकळी चरत. १८३८ साली इंग्रज सरकारने तिथे चराईचा कर बसवला. गवत पावसाने वाढवलेले, पण आकार मात्र साहेबाचा! एक-दोन जनावरांवर पोट असलेल्या माणसाला हा कर झेपेना. गुरे उपाशी राहू लागली. तेव्हा जमशेटजी जिजीभाई या पारशी व्यापाऱ्याने पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वाराजवळ समुद्रकाठची गवताची जमीन विकत घेतली आणि गुरांना फुकट चरायला मोकळी केली. हीच ती चरणी. जमशेटजी तेव्हा ‘सर’ झालेले नव्हते; तो किताब १८४२ चा. त्यांची मोठी कमाई चीनच्या व्यापारातली, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हेही इतिहास शिकवताना झाकून ठेवू नये. पण मुक्या जनावरांचा कळवळा त्यांना होता. १८३४ साली मुंबईत पांजरपोळ काढण्यातही त्यांचा पुढाकार होता.

या नावाविषयी दुसरेही एक मत आहे. ठाण्याला चेंदणी नावाची वस्ती आहे. तिथली काही मंडळी गिरगावात येऊन राहिली, म्हणून चेंदणीचे चर्नी झाले म्हणे. मला हे ओढूनताणून वाटते. चेंदणीतला ‘द’ जाऊन मध्येच ‘र’ कुठून येणार? गवताची उपपत्ती सरळ आहे आणि शेजारच्या नावांशीही ती जुळते.

ती शेजारची नावे जरा ऐका: खेतवाडी, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, मुगभाट! अहो, हे शहर की आपला गाव? भाट म्हणजे काय, ते गोव्याकडच्या माणसाला विचारा. माडांच्या बागेला तो आजही भाट म्हणतो. पलीकडे पायधुणी. खाडीचे पाणी ओलांडून आलेली माणसे तिथे पाय धुऊन पुढे जात.

पुढे समुद्राच्या कडेने रेल्वे आली आणि स्टेशनला चर्नी रोड हे नाव मिळाले. कुरण गेले, गुरे गेली, त्यांच्या जागी गाड्यांची गर्दी आली. स्टेशनलगतचा रस्ता क्वीन्स रोड होता. तो पुढे महर्षी कर्वे मार्ग झाला, आणि आपल्या कोकणच्या या थोर सुपुत्राचे नाव तिथे लागले ते योग्यच झाले. राणीचे नाव सरकारने दिले होते, ते ठरावाने उतरले. चर्नी मात्र लोकांच्या बोलण्यातून आले होते. ते स्टेशनच्या पाटीवर अजून आहे.

गुरुजनांना एक विनंती. आपल्याकडेही प्रत्येक कुणग्याला, पाणंदीला, सड्यावरच्या चरणीला नाव असते. सातबाऱ्यावर नुसता आकडा येतो. महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा कडेचे गडगे गेले; गडग्यापलीकडच्या तुकड्यांना काय म्हणत, ते आता घरातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. वर्गातल्या मुलांना एका रविवारी आजोबांकडे धाडा आणि गुरे कुठे चरत, पाणी कुठे पीत, दुपारची कुठे बसत, ते नावांसकट वहीत उतरवून आणायला सांगा.