विनोदाला उजेड फार लागतो

शोकांतिकेचं एका दिव्यावर भागतं. अर्धा चेहरा अंधारात गेला, मागची भिंत दिसलीच नाही, तरी बिघडत नाही. उलट समीक्षक खूश होतात. विनोदी चित्रपटाला ही चैन परवडत नाही. दारातून कोण आलं, सोफ्यामागे कोण दडलंय, नवऱ्याची नजर कुठे आणि बायकोची कुठे, हे सगळं एकाच चौकटीत स्वच्छ दिसावं लागतं. त्यात दिवाणखाना सोडून मोठा हॉल घेतला की निर्मात्याचा हिशेब कोलमडतो, कारण दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो.

सुरुवातीला हे काम सूर्याने फुकटात केलं. १९१२ साली मॅक सेनेटची कीस्टोन कंपनी लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात विनोदी मूकपट काढू लागली. त्या काळी तिकडे खोल्यांचे सेट उघड्यावरच उभे राहत. छप्पर नाही, वर ताणलेलं पातळ मलमली कापड. त्यातून गाळून येणाऱ्या उन्हात सावल्या बोथट होत आणि नट कुठेही आपटला तरी त्याचा चेहरा दिसे.

१९५१ साली अमेरिकी टेलिव्हिजनवर ‘आय लव्ह लुसी’ ही विनोदी मालिका आली, तेव्हा गोष्ट अवघड होती. तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार, समोर खरे प्रेक्षक. एका कॅमेऱ्यासाठी लावलेला दिवा दुसऱ्याच्या चौकटीत डोकावणार, आणि दर शॉटला दिवे हलवत बसलं तर प्रेक्षकांचं हसू वाळून जाणार. छायाचित्रणाची जबाबदारी होती कार्ल फ्रॉइंडवर. ‘मेट्रोपोलिस’ टिपणारा, जर्मन पडद्यावरच्या गडद सावल्यांत मुरलेला हा गडी! त्याने दिवे वर टांगले आणि अख्खा सेट एकसारखा उजळला. वरच्या उजेडाने डोळ्यांखाली खड्डे पडतात, म्हणून कॅमेऱ्यावरच छोटे दिवे बसवले. सेट करड्या छटांत रंगवून घेतले. सपाट उजेड म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी यामागची अक्कल पाहिलेली नसते.

आपल्याकडची युक्ती एका गंभीर चित्रपटातून आली. ‘अपराजितो’साठी (१९५६) कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी बनारसचं चौकाचं घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी आकाशाच्या जागी पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांची तोंडं त्याच्याकडे वळवली. परतून येणारा तो मऊ उजेड पुढे थर्माकोलच्या तक्त्यांवरूनही मिळू लागला, आणि गरीब युनिटांची सोय झाली.

काहींनी अडचण थेट कथेतच मुरवली. दिग्दर्शक केव्हिन स्मिथच्या ‘क्लर्क्स’चं (१९९४) बजेट २७,५७५ डॉलर. दुकानात चित्रीकरण रात्रीच करता येई, आणि गोष्ट तर दिवसाची. मग कुलपात च्युइंगगम कोंबल्याने शटर उघडतच नाही, असं लिहून टाकलं. फिल्म कृष्णधवल घेतली, त्यामुळे ट्यूबलाइटच्या हिरवट झाकेचीही कटकट मिटली.

त्याआधी १९८३ मध्ये ‘जाने भी दो यारों’ आला. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी), तोही काही लाखांत; दिग्दर्शक कुंदन शाह, कॅमेरा बिनोद प्रधान यांचा. शेवटची पळापळ एका नाट्यगृहात, चालू महाभारतात शिरते. रंगमंच उजळलेला का, हे तिथे कुणी विचारत नाही. द्रौपदीच्या वेशात खून झालेल्या आयुक्त डिमेलोचं प्रेत, भोवती भीम, दुर्योधन, बिल्डर आणि संपादक, आणि या झटापटीत कोण कुणाला खेचतंय ते शेवटच्या रांगेतूनही कळतं.