ओट्यापासून मेजापर्यंत

जुन्या मराठी स्वयंपाकघराचा इतिहास हा जमिनीलगतचा इतिहास होय. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. चिरणे विळीवर बसून, जेवणे पाटावर बसून. लाकूड तेथे होते ते पाट, पोळपाट, मांडणी आणि फडताळ यांच्या रूपाने. उंच मेजाची वाण कोणास भासली नाही. चुलीपुढे बसलेल्या गृहिणीला मान वळवताच पंगत दिसे, कोणाच्या पानात काय उणे आहे ते कळे. अर्थात धूर तिच्याच डोळ्यांत जाई आणि सोवळ्याचा जाचही तिच्याच वाट्यास येई. तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

उभ्याने रांधण्याची शास्त्रशुद्ध मांडणी पाश्चात्त्यांनी केली. कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टो या अमेरिकन भगिनींनी 1869 च्या आपल्या ग्रंथात आगबोटीच्या मुदपाकखान्याचा आदर्श पुढे ठेवला. 1926 साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, त्याची रुंदी जेमतेम दोन मीटर होती. पावले वाचली, श्रम वाचले. परंतु गृहिणी एकटी पडली. हा आक्षेप पुढे पुष्कळांनी घेतला, आणि तो खोटा नव्हे.

आपल्याकडे ओटा रूढ होण्यास गॅसने मोठा हातभार लावला. मुंबईत 1955 साली गॅसची टाकी घरोघर जाऊ लागली. शेगडी टाकीहून उंचावर असणे सुरक्षित, म्हणून जमिनीवरची आच कमरेपर्यंत चढली. ओटा भिंतीस लागून, आणि रांधणारीचे तोंडही भिंतीकडे!

त्याच वर्षी, 2 फेब्रुवारीस, भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध होताच. बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून 1758 ते 1787 राज्य केले. 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली आणि प्रांतोप्रांतीची कुटुंबे येथील सेक्टरांत शेजारी झाली.

अशा गावी आज स्वतःच्या घरात मधोमध लाकडी मेज बांधू पाहणाऱ्यास लाकडाची वाण पडू नये. छत्तीसगडचे साल वजनदार आणि चिवट. रेल्वेच्या रुळांखाली ते वर्षानुवर्षे गेले. पण ते वाळताना तडकते, रंध्यास दाद देत नाही. मेजाच्या फळीस सागवानच बरे. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी आणि ओल त्यास लवकर बाधत नाहीत. तरीही वैशाखाच्या झळांनी फळी रुंदीत आकसते आणि श्रावणात फुगते. ती चौकटीस खिळ्यांनी जखडली की चिरणारच. स्क्रूची भोके लांबट ठेवावीत, म्हणजे लाकडास हलण्यास वाव राहतो. उंची कारागिराने ठरवू नये; जी व्यक्ती तेथे राबणार, तिच्या कोपराखाली पाच-सहा बोटे मोजावीत. मेजाभोवती दोन हात वाट हवी. तेवढी जागा नसेल, तर रुंदी कमी करावी, वाट नव्हे; कारण मेजाच्या पलीकडे कोणीतरी मटार सोलावयास बसणार, आणि कणीक मळणारीला आता समोरचे माणूस दिसणार, हाच तर या खटाटोपाचा हेतू.