तळटीप : ‘तांबडा दिवा’

कोपरगावच्या घरी आजीच्या बोटांवर रोज धरला जाणारा ‘तांबडा दिवा’ म्हणजे इन्फ्रारेड दिवा. त्याने वरवर ऊब मिळते, आखडलेले स्नायू सैल होतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र हटत नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सांधा आधीच गरम आणि सुजलेला असेल, तर असा शेक टाळलेला बरा.

पुढच्या पानावर येणारे ‘लेझर’ वेगळे. सौम्य लेझरने त्वचा तापत नाही. पेशींमधल्या तंतुकणिका हा प्रकाश शोषतात आणि त्यातून दाह कमी होतो, असे मानले जाते. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २००५ सालच्या आढाव्यात पाच चाचण्यांमधले २२२ रुग्ण होते. खोटे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत लेझर घेणाऱ्यांच्या वेदना थोड्या उतरल्या, सकाळचा ताठरपणा सरासरी २७.५ मिनिटांनी घटला. सांध्यांची सूज आणि हातापायांची कामे करण्याची क्षमता यांत फरक दिसला नाही. पहाटे भाकऱ्या थापायला बसणाऱ्या बाईला अर्ध्या तासाची मोकळीक थोडी नव्हे, आणि म्हणूनच या उपचाराला थोतांड म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो आराम तात्पुरता.

आजीने लेझर सुरू होताच गोळ्या सोडल्या, त्याचे अनुकरण वाचकांनी कृपया करू नये. सांध्यांची झीज रोखतात ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधे. मेथोट्रेक्सेट या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. — संपादक