तेलाच्या विहिरीचें माप

आषाढ-श्रावणांत शिवथरघळीजवळचा धबधबा पाहणारास वाटावें कीं, या पाण्यास अंतच नाहीं. तोच यात्रेकरू वैशाखांत आला, तर कड्याचा काळा पाषाण उघडा पडलेला दिसतो. समर्थ रामदासांनीं दासबोध जेथें रचिला असें परंपरा सांगते, त्या स्थानींचा हा नित्याचा अनुभव आहे. झऱ्याची परीक्षा उन्हाळ्यांत करावी, हें शहाणपण त्यांतूनच येतें. तेलाच्या लहान विहिरीसही हाच न्याय लागतो. पण त्यास गणिताचें रूप येण्यास बराच काळ लोटला.

शिवथरच्या पाषाणांत मात्र तेल शोधण्यांत अर्थ नाहीं. सह्याद्रि लाव्हारसाचा बनलेला आहे. तेल उपजतें तें गाळाच्या खडकांत. कोयना परिसरांत 2017 सालीं जें खोल वेधन झालें, त्यांत 1,247 मीटरपर्यंत काळा पाषाणच लागला आणि त्याखालीं ग्रॅनाइटच्या जातीचा खडक आढळला. तेलविहिरीचा इतिहास पाहण्यासाठीं म्हणून दूर गेलें पाहिजे.

1859 सालच्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंत टायटसव्हिल येथें ड्रेक यानें सुमारें 70 फुटांवर तेल गांठलें. आठच वर्षांनीं, 1867 च्या मार्चमध्यें, आसामांत माकूम येथें 118 फुटांवर तेल लागलें. दिगबोईची पहिली विहीर 1890 सालीं 662 फुटांवर पुरी झाली. तिचें उत्पन्न दिवसास अवघें 200 गॅलन होतें. प्रचलित मापाचीं सहा पिंपेंही त्यांत भरत नव्हतीं.

असें माप घेण्याची रीत साधी आहे. टाकींत मोजपट्टी सोडावयाची, तेल किती इंच चढलें तें पाहावयाचें आणि 24 तासांचा हिशेब मांडावयाचा. परंतु नव्या विहिरींत तळाचा दाब ताजा असतो आणि तेलांत विरलेला वायु त्यास वर लोटीत असतो. त्या दिवसाच्या आंकड्यास 365 नीं गुणून भांडवल घालणारा मनुष्य श्रावणांतला धबधबा वैशाखांत मिळेल असें धरून चालतो.

या कोड्याची एक किल्ली पाण्याच्या अभ्यासांतून मिळाली. फ्रान्समधील दिजों शहराचा पाणीपुरवठा पाहणाऱ्या दार्सी यानें 1856 सालीं वाळूंतून पाणी किती वेगानें झिरपतें याचा नियम प्रसिद्ध केला. तेलासही तो लागू पडतो. थर जाड व सच्छिद्र असेल आणि खडकांतील व विहिरीच्या तळाशीं असलेल्या दाबांत अंतर अधिक असेल, तर तेल अधिक येतें. तेल दाट असेल, तर कमी येतें. म्हणून विहीर कांहीं काळ बंद ठेवून खडकाचा दाब मोजतात व मग ती चालू करतात. समजा, तळाचा दाब 100 पौंडांनीं उतरविल्यावर दिवसास 20 पिंपें आलीं, तर 200 पौंडांनीं उतरविल्यास सुमारें 40 येतील. वायु खडकांतच सुटूं लागला, तर मात्र हा हिशेब चुकतो.

दुसरी किल्ली काळाची. 1945 सालीं आर्प्स यानें उत्पन्नाच्या उताराचें गणित व्यवस्थित मांडलें. 40 पिंपांची विहीर दरसाल शेंकडा 10 नीं उतरत गेली, तर सात वर्षांनीं ती 19 पिंपांवर येते. पंपाचा व मजुरीचा खर्च त्या प्रमाणांत उतरत नाहीं. तेलाचें मोल खर्चाहून कमी होतें, त्या दिवशीं खालीं तेल शिल्लक असूनही विहीर बंद करावी लागते. तो दिवस केव्हां येईल, हाच या अंदाजाचा खरा प्रश्न होय.

1960 सालीं गुजराथेंत अंकलेश्वर येथें तेल सांपडलें, तेव्हां मराठी मुलखाशीं या विद्येचा संबंध जवळचा झाला. कारण तेथील तेलाचे थर ज्या तळावर रचलेले आहेत, तो तळ सह्याद्रीच्याच काळ्या पाषाणाचा आहे. शिवथरला जो पाषाण कडा होऊन माथ्यावर उभा आहे, तोच तेथें गाळाखालीं खोल गाडला गेला आहे. वर साठलेल्या त्या गाळांत तेल आहे. तें किती येईल हें मात्र पहिल्या दिवसाच्या धारेवरून ठरवितां येत नाहीं. कित्येक महिन्यांच्या नोंदी हातीं आल्यावरच त्याचा भरंवसा धरतां येतो.