डोंगराआडची छत्री

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्याने ते पुणे परिसरात पोचवलं. भोर-वेल्ह्यात मात्र राजगड-तोरण्यासारखे डोंगर आड येत. पल्याडच्या वाड्यांना पडद्यावर मुंग्याच.

उपग्रहाला डोंगराची अडचण नाही. 16 डिसेंबर 2004 ला 33 वाहिन्यांसह दूरदर्शनची उपग्रह सेवा ‘डीडी डायरेक्ट प्लस’ आली, आजची ‘फ्री डिश’. मासिक भाडं नाही. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला. इथून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर. म्हणून दरीतल्या घरालाही छत्री लावता येते. एकजण पत्र्यावर छत्री फिरवतो, दुसरा पडद्यावरची सिग्नलची पट्टी बघत आतून ओरडतो, ‘थांब, आला!’

जुना सेट-टॉप बॉक्स अजून चालतो, कारण बऱ्याच वाहिन्या एमपीईजी-2 या जुन्या चित्रसंकेत पद्धतीतच आहेत. नव्या एमपीईजी-4 मधल्या मात्र त्याला उलगडत नाहीत. नवा म्हणजेच चांगला, हा दुकानदाराचा हट्ट सरसकट मानू नये.

जुना घेताना दुकानातच छत्रीला जोडून बघा, हव्या त्या वाहिन्या लावून पाहा आणि रिमोट मागायला विसरू नका.